बहगत उस्तादांची तोफ

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बहगत उस्ताद राहतात. अल्लाहनं त्यांच्या घशाला मध दिला आणि डोक्याला सुट्टी दिली, असं त्यांची बायको इन्शिराह म्हणते. मी तसं म्हणत नाही, कारण शेजाऱ्याबद्दल वाईट बोलणं पाप आहे. पण ती म्हणत असते तेव्हा मी तिला थांबवतही नाही.

उस्तादांचे वडील अलेक्झांड्रियातल्या आमच्या ह्याच मुहर्रम बेक वस्तीत शिंपी होते. पोरगा दुकानात बसून गिऱ्हाइकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, आणि कोट शिवून झाला तरी गिऱ्हाईक उठायचं नाही, असा आवाज. त्या आवाजावर त्यांना मीना रेडिओत नोकरी लागली. तिथे कित्येक वर्षं एकच काम: समुद्राची खबर वाचायची. वारा कुठून आहे, लाटा किती उंच आहेत, अबू कीरच्या बाजूला होड्या काढाव्या की बांधून ठेवाव्या. सगळ्या किनाऱ्यावरचे कोळी त्यांचा आवाज ऐकून होडी काढायचे नाहीतर बायकोला म्हणायचे, झोप गं, आज सुट्टी. एखाद्याला तेवढं पुरलं असतं. उस्तादांना पुरलं नाही. "ह्या लाटांमध्ये मी कुठे आहे, उम्म शरीफ?" असं ते मला जिन्यात विचारायचे. माझ्या हातात भाजीची पिशवी असायची. मी म्हणायची, "किनाऱ्यावर आहात, उस्ताद, कोरडे आहात. हम्दुलिल्लाह म्हणा."

मग रेडिओतले साहित्याचे जुने निवेदक वारले आणि ती खुर्ची उस्तादांना मिळाली. कार्यक्रमाचं नाव 'कादंबरीकाराच्या मेजावर'. वेळ भर दुपारची, जेव्हा सगळं शहर जेवून आडवं होतं. जागी असायची फक्त मी, कारण तेव्हा मी भांडी घासते. म्हणजे एका परीनं तो कार्यक्रम ऐकणारी मी एकटीच, आणि म्हणून मला त्यावर बोलायचा हक्क आहे.

पुस्तक वाचायची उस्तादांची एक रीत होती. अर्पणपत्रिका वाचायची, शेवटचं पान वाचायचं आणि मधे कुठेतरी खिडकी शोधायची. कादंबरीत खिडकी असतेच. खिडकी सापडली की मुलाखत तयार.

"तुमच्या नायिकेची ती खिडकी," उस्ताद आवाज खाली नेऊन विचारायचे, "ती नक्की कुठे उघडते?"

समोरचा कादंबरीकार मोठा श्वास घ्यायचा. तो श्वास माझ्या मोरीपर्यंत ऐकू यायचा. "ती," तो म्हणायचा, "आत उघडते."

अरे शहाण्या, आत उघडते तर वादळात पाणी कुठे जाईल? आमच्या घराच्या खिडक्या बाहेर उघडतात, कारण सुताराला अक्कल होती.

सगळे कादंबरीकार जणू एकाच आईच्या पोटचे. ह्याला पहाटे सुचतं, त्याला पहाटे सुचत नाही. एक म्हणाला, लिहायला बसलो की मी उरतच नाही. मग पुस्तकावर नाव कशाला छापता? दुसरा म्हणाला, माझी पात्रं माझं ऐकत नाहीत, माझ्या हातातून निसटतात. हे तर सगळेच सांगायचे, आणि अगदी कौतुकानं सांगायचे. माझी चार पोरं माझं ऐकत नाहीत, पण त्याबद्दल मला आजवर कुणी रेडिओवर बोलावलं नाही. आणि उस्ताद मधून मधून "अल्लाह, अल्लाह!" करायचे, जसं काही कुणी कुराण पठण करतंय. मला त्याचा फार राग यायचा.

त्या वर्षी रमजान थंडीत आला. रमजानात मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधीची वेळ रेडिओसाठी सोन्याची. रोजा सोडायची कैरोची तोफ आमच्याकडे चालत नाही, त्यांचा सूर्य आमच्या आधी बुडतो. म्हणून अलेक्झांड्रियात घराघरात मीना रेडिओ लागतो: आधी काहीतरी गोडसं, मग तोफेचा आवाज, मग अजान, मग पहिला खजूर. दरवर्षी त्या वेळेला एक नाटक लागायचं. त्या वर्षी नाटकवाल्यांची आपसात भांडणं झाली आणि केंद्राच्या मुख्य बाई, मादाम इज्लाल, ह्यांच्या हातात आयत्या वेळी काहीच उरलं नाही. त्यांनी ती वेळ बहगत उस्तादांना देऊन टाकली. सोबत सांगितलं, "ईदपर्यंत लोकांनी ऐकलं तर हा कार्यक्रम कायमचा संध्याकाळी घेईन. नाही ऐकलं तर मेज बंद. तुम्ही आणि तुमच्या लाटा."

त्या दिवशी उस्ताद जिना चढले नाहीत, तरंगत आले. प्रत्येक दार वाजवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या नफूसाला सांगितलं, तळमजल्यावरच्या अम्म खलफला सांगितलं. हा अम्म खलफ आमच्या कोपऱ्यावरच्या छोट्या मशिदीत अजान देतो. मग माझ्याकडे.

"उम्म शरीफ, आता तरी ऐकणार ना?"

"ऐकणार तर. तोफ चुकायला नको."

"मी तोफेच्या आधीचं विचारतोय."

"तेही पडेल कानावर, उस्ताद. कान काय झाकून ठेवायचेत?"

ते खूष होऊन गेले. सगळं उपाशी शहर रेडिओला कान लावून तोफेची वाट बघत होतं, आणि हे समजत होते की लोक खिडकी कुठे उघडते ते ऐकायला बसलेत. त्यांच्या डोळ्यांसमोर संध्याकाळची ती कायमची वेळ नाचत होती. इन्शिराह म्हणाली, "लग्नाच्या दिवशीसुद्धा ह्याचा चेहरा असा नव्हता. मेला, माझ्याकडे बघून कधी इतका हसला नाही."

रमजानाच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीचा एकत्र इफ्तार असतो, आणि तो माझ्या घरी असतो, कारण माझी बैठक मोठी आहे आणि माझं सूपही पातळ नसतं. आदल्या दिवशी उस्ताद दारात उभे.

"उद्या मी एक पाहुणा आणतोय. कादंबरीकार अनीस बरहूम. कैरोहून येतायत. सकाळी मुलाखत ध्वनिमुद्रित करणार, संध्याकाळी प्रसारण. त्यांना तुमच्या मेजावर बसवून ऐकवावं म्हणतो."

"जेवतो ना?" मी विचारलं.

"काय?"

"कादंबरीकार जेवतो ना साधं? की पात्रं जेवतात त्याच्या वतीनं?"

ते हसले, पण मनातून नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर वादळ होतं. दुपारपासून आभाळ काळं, घरात दिवे लावावे लागले, सूर्य कुठे आहे ते कळायला मार्ग नाही. सगळे जमले. माझे यजमान हाज्ज मुतवल्ली मेजाच्या टोकाला, नफूसा तिच्या सुनेसकट, इन्शिराह स्वयंपाकघरात माझ्यासोबत. अम्म खलफ आला नाही, त्याला मशिदीत असायला हवं. पण त्यानं जाताना सांगितलं, "उम्म शरीफ, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि रेडिओ मोठा करा, माझा बिघडलाय. तुमच्याकडे तोफ झाली की मी अजान देतो."

आणि अनीस बरहूम आला. अत्तराचा घमघमाट, गळ्यात मफलर. बसल्या बसल्या म्हणाला, "ही बैठक मी कुठेतरी लिहिली आहे." मी म्हटलं, "पडदे मी शिवलेत, साहेब." तो माझ्याकडे बघून दयेनं हसला. मग बहगत उस्ताद उभे राहिले, माझ्या घरात, माझ्या मेजाशी, आणि म्हणाले, "आज एक अशी कारागिरी केली आहे की ऐकाल तर थक्क व्हाल. नुसतं बोलणं नाही. लेखकाचं जग मी कानासमोर उभं केलंय."

खजूर दुधात भिजलेले, जर्दाळूचं सरबत प्याल्यांत ओतलेलं, सूप वाफाळतंय. प्रत्येकाचा डोळा आपापल्या खजुरावर आणि कान रेडिओवर. रेडिओत अनीस बरहूम आपल्या कादंबरीतलं पान वाचत होता. रमजानाची संध्याकाळ, गल्ली, पोरं, कुणी एक बाई खिडकीत. खिडकी होतीच. मी लक्ष देत नव्हते. उपाशी पोटी एवढंच कळत होतं की हा माणूस लवकर संपेल तर बरं.

आणि तोफ झाली.

रोजची तोफ, तोच आवाज, त्यामागे तीच अजान. "अल्लाहु अकबर". रोज आधी निवेदक वेळ सांगतो, ते त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, पण ते कुणाच्या लक्षात येणार? हाज्जनी बिस्मिल्लाह म्हणून खजूर तोंडात टाकला. नफूसानं सूप ओढलं. मी सरबताचा घोट घेतला. खिडकीबाहेरून अम्म खलफचा भोंगा सुरू झाला, "अल्लाहु अकबर". आणि बहगत उस्तादांनी एका दमात पेला रिकामा केला.

मग रेडिओतली अजान अर्ध्यावर विरली आणि अनीस बरहूमचा आवाज परत आला: "...आणि त्या आवाजानं बद्रियाने खिडकी मिटून घेतली."

मेजावर कुणी चावेना. हाज्जच्या गालात खजूर तसाच. बाहेर भोंग्यात अम्म खलफ दुसऱ्या ओळीवर अडकला, खोकला, आणि भोंगा बंद झाला. त्याच्या कानावर बद्रियाची खिडकी पडली होती.

"हे काय?" हाज्ज म्हणाले. खजूर बाहेर काढावा की गिळावा, त्यांना कळेना.

"उस्ताद," मी म्हटलं, "ही तोफ कुणाची?"

बहगत उस्ताद हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत होते. आदल्या रात्री त्यांनीच ठरवलं होतं, सकाळी त्यांनीच सांगून लावून घेतली होती, दिवसभर सगळ्यांना थक्क करायची वाट बघत होते. आणि तोफ झाली तशी स्वतःच सरबत प्यायले. आवाज तर आमचा रोजचाच होता ना. केंद्रात तोफेची एकच फीत आहे आणि ह्या शहाण्यांनी कारागिरीसाठी तीच घेतली.

"मी... ते वातावरणासाठी..." ते म्हणाले.

"वातावरण!" इन्शिराह स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. तिच्या हातात मुलूखियाच्या पातळ भाजीची कढई होती आणि मला वाटलं आता ती त्यांच्या डोक्यावर ओतते. "रोजा मोडलास सगळ्यांचा! वातावरण म्हणे!"

नफूसाची सून रडायला लागली. पोरगी पहिल्याच वर्षी सगळे रोजे धरत होती.

आणि तो अनीस बरहूम? तो एकटाच खजूर चघळत होता, अगदी शांतपणे, आणि त्याचे डोळे चमकत होते. "बघितलंत?" तो म्हणाला. "माझ्या एका वाक्यानं सगळं शहर जेवलं! ह्यालाच साहित्याचं सामर्थ्य म्हणतात."

मी आयुष्यात पाहुण्याला कधी उठवलं नाही. त्या दिवशी हाज्जनी उठवला. फार शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या कादंबरीत जाऊन जेवा." तो मफलर सावरत गेला, आणि जाताना मेजावरचा एक खजूर अजून घेतला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग खरी तोफ झाली. कुणी हात लावला नाही. अम्म खलफनं अजान दिली, ह्या वेळी पूर्ण. मग आम्ही नमाज पढलो आणि निवून गार झालेलं सूप प्यायलो.

मशिदीतल्या शेखनी नंतर सांगितलं, विद्वानांत ह्यावर मतभेद आहेत, पण एक रोजा ईदनंतर धरून टाका म्हणजे मनाला टोचणी राहणार नाही. म्हणजे सगळ्या शहराच्या मानेवर एक रोजा बसला. कारण काय, तर बद्रियाला खिडकी मिटायची होती.

त्याच संध्याकाळी केंद्राचा आणि उस्तादांच्या घरचाही फोन थांबेना. उस्ताद बिचारे एवढे भोळे की पहिल्या फोनला त्यांना वाटलं कुणी कादंबरीबद्दल विचारतंय. मादाम इज्लालनी त्यांना बोलावून घेतलं. परत आले तेव्हा मी जिन्यात होते, इन्शिराहला कतायफ मिठाईची ताटली द्यायला. रागात असले तरी ताटली द्यायचीच, रमजान आहे. त्यामुळे मला सगळं दारातच ऐकायला मिळालं.

"कार्यक्रम राहील," उस्ताद म्हणाले. पण सुटका झालेल्या माणसाचं तोंड असं नसतं. "मादामनी वाट काढली आहे. उद्या मगरिबआधी मी थेट बोलायचं. फीत लावताना तंत्रज्ञाकडून चूक झाली, केंद्राला खेद आहे. बस. ईदनंतर संध्याकाळची वेळ माझी."

"तंत्रज्ञ म्हणजे कोण?" इन्शिराहनं विचारलं.

"बिशारा."

इन्शिराहनं दाराची चौकट धरली. बिशारा ख्रिस्ती माणूस. फीत कापतो, जोडतो, सांगितलं ते करतो. त्याची बायको ईस्टरला इन्शिराहला डबाभर कुकीज पाठवते आणि इन्शिराह ईदला परत भरून पाठवते.

"तू सांगितलंस म्हणून त्यानं लावली ना?"

"मी सांगितलं म्हणून. तो म्हणालाही, रोजचीच लावू? मी म्हटलं, रोजचीच लाव, खरी वाटेल."

"आणि आता तू रेडिओवर सांगणार की बिशारानं मुसलमानांचा रोजा मोडला. रमजानात. नाव घेणार की नुसतं 'तंत्रज्ञ' म्हणणार? केंद्रात दुसरा तंत्रज्ञ आहे कुठे? सगळ्या गल्लीला माहीत आहे." ती ओरडत नव्हती. मला तिचं ओरडणं सवयीचं आहे, हे नव्हतं. "त्याच्या पोरांना उद्या शाळेत काय ऐकावं लागेल, कळतंय?"

"माझा कार्यक्रम जाईल, इन्शिराह."

"जाऊ दे."

"आयुष्यभर मी—"

"आयुष्यभर तू खिडक्या उघडल्यास," ती म्हणाली आणि माझ्या हातातली ताटली घेऊन आत गेली. ते दारात उभे राहिले. मला वाटलं आता मला विचारतील, ह्यात मी कुठे आहे. विचारलं नाही.

खरं सांगते, मला वाटलं होतं ते सोपं तेच करतील. ज्या माणसानं पुस्तकं न वाचता लोकांच्या तोंडासमोर "अल्लाह, अल्लाह" म्हटलं, त्याला एक "तंत्रज्ञ" म्हणायला किती वेळ लागतो? आणि खरं सांगितलंच, तरी तास दोन तास त्याचा अर्थ उलगडत बसतील, वेदना, माणसाचं एकटेपण, सगळं.

दुसऱ्या दिवशी मगरिबआधी आम्ही रेडिओभोवती बसलो. शहरातलं प्रत्येक घर बसलं असणार. इतके श्रोते उस्तादांना आयुष्यात मिळाले नव्हते आणि आता मिळणारही नव्हते. इन्शिराह माझ्याकडे आली होती, तिला एकटीनं ऐकवत नव्हतं.

ते बोलले. आवाज खाली नेला नाही, श्वास ओढला नाही.

"मी बहगत. काल तोफेची फीत लावायला मी सांगितली होती, सूर्य बुडायच्या आधी. ज्यांनी रोजा सोडला त्यांचा दोष नाही, दोष माझा आहे, फक्त माझा. शेखांनी एक रोजा धरायला सांगितला आहे. मीही धरणार आहे. मला माफ करा."

बस. मग कुराण, मग खरी तोफ.

इन्शिराहनं खजूर उचलला आणि बराच वेळ हातातच ठेवला. "असाच वाचायचा तो लाटा," ती म्हणाली. "असाच."

मी नुसती मान डोलावली. माझ्या तोंडात खजूर होता.

मेज बंद झालं. मादाम इज्लालनी ईदची वाटही बघितली नाही. उरलेला महिना त्या वेळेला वाद्यसंगीत लागलं, आणि खरं सांगायचं तर सूप करताना ते बरं वाटलं. अनीस बरहूमनं कैरोच्या एका मासिकात लेख लिहिला की अलेक्झांड्रियात त्याच्या गद्यानं लोकांचा उपवास सोडवला. हाज्जनी तो मला वाचून दाखवला. मी त्या पानावर वांगी सोलली.

ईदनंतर आभाळ मोकळं झालं तेव्हा इमारतीनं ठरवलं, तो एक रोजा सगळ्यांनी एकाच दिवशी धरून टाकायचा. माझ्याकडेच जेवण. बिशाराही बायकोला घेऊन आला, ताटली घेऊन आला, आणि कुणी बोलवायच्या आधीच बसला. रेडिओ लावायचा प्रश्नच नव्हता. नफूसानं त्याच्यावर फडकं टाकून ठेवलं होतं.

बहगत उस्ताद म्हणाले, "मी गच्चीवर जातो. मी बघतो."

"काय बघता?" मी विचारलं.

"सूर्य."

ते गेले. आम्ही खजुरांसमोर बसलो. थोड्या वेळानं जिन्यातून आवाज आला, तोच जुना लाटांचा आवाज, वरून खाली सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा: "वारा उत्तरेकडून, समुद्र शांत, सूर्य पूर्ण बुडाला!"

हाज्जनी माझ्याकडे पाहिलं. मी हाज्जकडे पाहिलं. नफूसाच्या सुनेनं हात मागे घेतला.

आणि आम्ही सगळे, इन्शिराहसकट, अम्म खलफची अजान होईपर्यंत तसेच बसून राहिलो. उस्ताद धापा टाकत दारात आले, पाहतात तर एकाही पेल्याला हात लागलेला नाही. तेही बिशाराच्या शेजारी बसले आणि आमच्याबरोबर वाट बघू लागले.

आता ते परत लाटा वाचतात. कोळी होड्या काढतात. मी भांडी घासताना ऐकते, आणि त्यात कुठेही खिडकी नसते.